वजन उतरलं, मास्क सैल झाला: रेडिएशनचा प्लॅन नव्याने करायचा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांना घशाच्या मधल्या भागाचा, म्हणजे ऑरोफॅरिंक्सचा कर्करोग आहे आणि मानेच्या उजव्या बाजूला गाठी आहेत. ३५ सिटिंगमध्ये ७० ग्रे (ग्रे म्हणजे किरणांचा डोस मोजायचं एकक) आणि सोबत केमो, असा उपचार ठरला. १८ सिटिंग झाली. वजन ६८ किलोंवरून ६२ वर आलं आहे, उपचाराच्या वेळी डोकं स्थिर धरणारा मास्क गालांपाशी सैल वाटतो, मानेतली गाठ आता हाताला जेमतेम लागते. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी पुन्हा सीटी काढून नवा प्लॅन करायचं ठरवलं आहे. दुसऱ्या एका डॉक्टरांना कागद दाखवले तर ते म्हणाले, याची गरज नसते. मुलाने विचारलंय की कोणाचं ऐकायचं, आणि आतापर्यंतची १८ सिटिंग चुकीच्या जागी गेली का?

मी मेडिकल फिजिसिस्ट आहे. प्लॅन, म्हणजे किरण कुठून आणि किती द्यायचे याची आखणी, तयार करणं आणि तो रोज टेबलावर तसाच दिला जातोय ना हे पाहणं, हेच माझं काम. तुमच्या वडिलांची चित्रं मी पाहिलेली नाहीत, म्हणून त्यांच्याबाबतीत नवा प्लॅन हवाच किंवा नकोच, असं मी इथून सांगणार नाही. पण हा निर्णय कशावर घेतात ते सांगू शकते, आणि ते कळलं की दोन डॉक्टरांची दोन मतं का पडली हेही कळेल.

आधी तुमची भीती. १८ सिटिंग वाया गेलेली नाहीत. शरीर एका रात्रीत बदलत नाही, आणि प्लॅन करतानाच आम्ही थोड्या हालचालीची, थोड्या फरकाची सोय करून ठेवतो. गाठ आणि तिच्या भोवतीचा धोक्याचा भाग आखून झाला की त्याला चहूबाजूंनी ३ ते ५ मिलिमीटरचं कडं देतो. मज्जारज्जूभोवतीही असंच कडं असतं, फक्त ते उलट कामासाठी, म्हणजे जास्त डोस तिथवर येऊ नये म्हणून. रोजचा लहानसहान फरक या कड्यांत सामावतो. प्रश्न येतो तो फरक एकाच दिशेने वाढत जातो आणि कडं पुरेनासं होतं तेव्हा.

खरा प्रश्न असा आहे: मशीन रोज तेच किरण त्याच कोनांतून सोडतंय, शरीर मात्र प्लॅनच्या दिवशीचं राहिलेलं नाही. मग या फरकाने कुठल्या अवयवाला किती जास्त, किंवा गाठीला किती कमी डोस मिळतोय? वजन किती उतरलं, हा त्या प्रश्नाकडे लक्ष वेधणारा इशारा आहे. ते त्याचं उत्तर नाही.

बदल कुठले होतात ते पाहू. गाठ आकसते. कातडीखालची चरबी आणि स्नायू कमी होतात. कानाखालच्या मोठ्या लाळग्रंथी, म्हणजे पॅरोटिड, रेडिएशननेच लहान होतात आणि शिवाय आतल्या बाजूला सरकतात. २००४ साली ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन केंद्रातल्या १४ रुग्णांचे उपचाराच्या काळात वारंवार सीटी काढून मोजमाप केलं गेलं. दिसणारी गाठ उपचाराच्या प्रत्येक दिवसाला साधारण १.८ टक्के दराने कमी होत होती, आणि पॅरोटिड शेवटापर्यंत सुमारे ३ मिलिमीटर मध्याकडे सरकल्या होत्या. ज्यांचं वजन जास्त उतरलं, त्यांच्यात हे सरकणंही जास्त होतं. अभ्यास लहान होता, पण आज रोजच्या स्कॅनमध्ये आम्हाला साधारण हेच दिसतं.

आता डोसवर परिणाम कसा होतो ते. लोकांना (आणि नव्याने या कामात आलेल्यांनाही) वाटतं की मान बारीक झाली म्हणजे किरणांना वाटेत मांस कमी लागणार, म्हणजे आत डोस फार वाढणार. हिशेब करून बघा. नेहमीच्या ६ एमव्ही (मेगाव्होल्ट, म्हणजे किरणांची ताकद) एक्स-रे किरणांचा डोस शरीरात दर सेंटिमीटरला साधारण ३ ते ४ टक्क्यांनी उतरतो. मान दोन्ही बाजूंनी एकेक सेंटिमीटर बारीक झाली, आणि हा मोठा बदल झाला, तरी मध्यभागी डोस ३-४ टक्क्यांनी वाढेल. मज्जारज्जूला संपूर्ण उपचारात ४० ग्रे मिळतील असा प्लॅन असेल आणि निम्मा उपचार शिल्लक असेल, तर त्या २० ग्रेवर ४ टक्के म्हणजे ०.८ ग्रे. मज्जारज्जूची मर्यादा आम्ही सहसा ४५ ग्रेपाशी ठेवतो, आणि रोज २ ग्रेच्या हिशेबाने ५० ग्रेपर्यंतही इजेची शक्यता अगदी कमी असते. त्यामुळे नुसतं बारीक होण्यावरून घाबरायचं कारण सहसा नसतं.

मोठा फरक पडतो तो जागा बदलल्याने. आजकालच्या आयएमआरटी किंवा व्हीमॅट (डोस गाठीच्या आकाराला बेतणाऱ्या पद्धती) प्लॅनमध्ये डोस गाठीपाशी पूर्ण असतो आणि तिच्या कडेपासून फार झपाट्याने खाली येतो. कारण शेजारीच पॅरोटिड, मज्जारज्जू, जबडा अशा जपायच्या गोष्टी असतात. ही डोसची उतरण म्हणजे डोंगरकड्याची धार समजा: दोन पावलं अलीकडे तुम्ही वर आहात, दोन पावलं पलीकडे पार खाली. या उतरणीवर एखादा अवयव ३ मिलिमीटर सरकला की त्याचा डोस कित्येक टक्क्यांनी बदलतो. उतरणीपासून लांब असलेला अवयव सेंटिमीटरभर सरकला तरी काही बिघडत नाही. म्हणूनच दोन रुग्णांचं वजन सारखंच उतरलं तरी एकाला नवा प्लॅन लागतो आणि दुसऱ्याला लागत नाही.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. रोज सकाळी टेबलावर जो छोटा स्कॅन होतो, कोन बीम सीटी, तो आम्ही मुख्यतः मणक्याच्या आणि जबड्याच्या हाडांवर जुळवतो. मज्जारज्जू मणक्यातच बंद असल्यामुळे हाडं जुळली की तोही जागेवर येतो. पॅरोटिड हाडाला बांधलेली नसते. हाडं अगदी बरोबर जुळलेली असताना ती आत, जास्त डोसच्या दिशेने सरकलेली असू शकते. टेबल कितीही हलवलं तरी ते दुरुस्त होत नाही. रोज स्कॅन होतोय म्हणजे सगळं बरोबर, असं रुग्णांना वाटतं. जागा बरोबर असते, पण आतली रचना बदललेली असली तर ती स्कॅनमध्ये फक्त दिसते, सुधारत नाही.

पडद्यावर हे कसं दिसतं ते सांगते. प्लॅनच्या सीटीवर आखलेली कातडीची रेघ आजच्या स्कॅनवर टाकली की जबड्याच्या कोनाखाली रेघ आणि कातडी यांच्यामध्ये काळी फट दिसते. काळं म्हणजे हवा. सुरुवातीला ती फट नखाएवढी असते, तिसऱ्या आठवड्यात बोटाएवढी होते. गाठीभोवतीचं कडं पहिल्या दिवशी मांसात होतं, आज त्याचा बाहेरचा भाग हवेत लोंबतोय. म्हणजेच मानेतली गाठ आता कातडीच्या जास्त जवळ आली आहे. हे बघून मी थांबते, कारण ६ एमव्ही किरणांचा डोस कातडीवर पूर्ण नसतो, सरळ किरण आत दीडेक सेंटिमीटर गेला की तो कमाल होतो. त्यामुळे गाठीचा कातडीलगतचा भाग डोसमध्ये थोडा उपाशी राहू शकतो. माझ्या दृष्टीने नव्या प्लॅनची सगळ्यात भक्कम कारणं दोन: गाठीच्या क्षेत्राला डोस कमी पडत असणं, आणि मज्जारज्जू किंवा ब्रेनस्टेम (मेंदूचा मज्जारज्जूला जोडलेला खालचा भाग) डोसच्या मर्यादेच्या जवळ जाणं. लाळग्रंथीचं कारण त्यांच्यानंतर येतं.

लाळग्रंथी कमी महत्त्वाची म्हणून असं म्हणत नाही. तोंड कायमचं कोरडं पडणं काय असतं ते रुग्णालाच ठाऊक. पॅरोटिड वाचवल्याचा फायदाही सिद्ध झालेला आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनच्या पार्स्पोर्ट चाचणीत वर्षभरानंतर तोंडाचा बऱ्यापैकी कोरडेपणा जुन्या पद्धतीत ७४ टक्के रुग्णांना होता आणि पॅरोटिड वाचवणाऱ्या आयएमआरटीत ३८ टक्क्यांना. एका पॅरोटिडचा सरासरी डोस २० ग्रेच्या खाली, किंवा ते जमत नसेल तर दोन्हींचा २५ च्या खाली ठेवायचा प्रयत्न आम्ही करतो तो म्हणूनच. पण सुरुवातीचा प्लॅन चांगला असेल, तर मध्येच पुन्हा पुन्हा प्लॅन बदलून त्यात आणखी किती भर पडते? फ्रान्समध्ये १३२ रुग्णांवर झालेल्या आर्टिक्स चाचणीत (निष्कर्ष २०२३) एका गटाला दर आठवड्याला नवा प्लॅन दिला आणि दुसऱ्याला एकच प्लॅन शेवटपर्यंत. सगळे रुग्ण तुमच्या वडिलांसारखे ऑरोफॅरिंक्सचे होते. वर्षभरानंतर लाळेच्या प्रमाणात फरक आढळला नाही.

तुमचे दुसरे डॉक्टर बहुधा हेच लक्षात ठेवून बोलले असतील, आणि सरसकट सगळ्यांचा प्लॅन बदलायची गरज नाही हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे. पण त्या चाचणीत रुग्ण निवडताना कोणाच्या शरीरात किती बदल झालाय हे पाहिलेलं नव्हतं, सगळ्यांनाच दर आठवड्याला नवा प्लॅन होता. ज्याच्यात खरोखर मोठा बदल झालाय, अशा एका रुग्णाबद्दलचा प्रश्न वेगळा आहे. त्याचं उत्तर रोजच्या स्कॅनमध्ये असतं, आणि ते स्कॅन तुमच्या पहिल्या डॉक्टरांपाशी आहेत. कागदांच्या फायलीत ते जात नाहीत.

तरी नव्या सीटीला पाठवण्याआधी आम्ही एक गोष्ट तपासतो, आणि तीही तुम्ही विचारायला हरकत नाही: हा बदल शरीराचा आहे की रुग्णाला टेबलावर बसवण्याचा? हनुवटी किंचित वर-खाली झाली, खांदे वर आले, मानेखालची उशी वेगळ्या मापाची लागली, तरी स्कॅनवर सगळं बिघडल्यासारखं दिसतं. वरचे मणके जुळवले की खालचे ४-५ मिलिमीटर बाहेर जातात, खालचे जुळवले की वरचे. मान वाकण्यातला फरक टेबल सरकवून किंवा फिरवून जात नाही, कारण डोकं आणि मानेचा खालचा भाग एकमेकांच्या संदर्भात हललेले असतात. असं असेल तर कधी कधी नुसतं नीट बसवल्याने काम होतं. सैल मास्कमध्ये डोकं वळत असेल तर मात्र नवा मास्कच लागतो, आणि मास्क बदलला की सीटीही नवा काढावा लागतो. मग त्यावर प्लॅनही नवा करणं ओघानेच येतं.

रोजचा स्कॅन आहेच, त्यावरच प्लॅन का करत नाही, असंही तुम्हाला वाटेल. कोन बीम सीटीत विखुरलेल्या किरणांमुळे पेशीसमूहांच्या घनतेचे आकडे भरवशाचे नसतात आणि बऱ्याचदा खांदे चित्रात पूर्ण येत नाहीत. जागा जुळवायला तो उत्तम, डोस मोजायला कच्चा. काही ठिकाणी आता टेबलावरच त्या दिवसाच्या चित्रावर प्लॅन बदलणारी मशीन आली आहेत, सीटीवर चालणारी आणि एमआरआयवर चालणारीही. पण बहुतेक ठिकाणी नवा सीटी, पुन्हा आखणी, पुन्हा हिशेब, मशीनवर तपासणी, हाच मार्ग आहे आणि त्याला काही दिवस लागतात.

त्या काही दिवसांत उपचार थांबवायचा का? हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण मला तो सगळ्यात तातडीचा वाटतो. बहुतेक वेळा नाही. डोके-मानेच्या कर्करोगात साधारण चौथ्या आठवड्यापासून उरलेल्या पेशी वेगाने वाढू लागतात. तेव्हापासून उपचार जितके दिवस लांबतो, त्या प्रत्येक दिवसामागे साधारण ०.६ ग्रेइतका परिणाम वाया जातो असं धरतात. त्यामुळे नवा प्लॅन तयार होईपर्यंत जुन्याच प्लॅनवर रोज उपचार चालू ठेवणं बहुधा योग्य असतं. अपवाद म्हणजे मास्कमध्ये डोकं स्थिरच राहत नाही किंवा मज्जारज्जूचा हिशेब खरोखर धोक्यात आलाय. नवा प्लॅन येईपर्यंत घरीच राहू, असं तुमच्या मनात असेल तर ते काढून टाका.

वेळेचाही प्रश्न असतो. बराचसा बदल पहिल्या तीन-चार आठवड्यांत होतो. म्हणून १५ ते २० सिटिंगच्या सुमारास नवा प्लॅन केला तर तो पुरेशा दिवसांना लागू पडतो. ३० व्या सिटिंगला केला तर फायदा मिळायला पाच दिवसच उरतात, आणि मग तो फक्त सुरक्षिततेच्या ठोस कारणासाठीच करावा असं मी म्हणेन. तुमचे वडील १८ वर आहेत, म्हणजे वेळ योग्य आहे. बदल नेहमी आकसण्याचाच असतो असंही नाही. आत पाणी भरलेल्या गाठी, एचपीव्ही या विषाणूशी संबंधित आजारात दिसतात तशा, पहिल्या आठवड्यांत फुगूही शकतात आणि आखलेल्या क्षेत्राबाहेर येऊ शकतात. असं दिसलं तर आम्ही वजनाची वाट पाहत नाही.

तुमच्या प्रश्नात आणखी एक आशा लपलेली दिसते: गाठ लहान झाली, तर नव्या प्लॅनमध्ये रेडिएशनचं क्षेत्रही लहान होईल आणि त्रास कमी होईल. इथे मला सावध करायचं आहे. दिसणारी गाठ वितळली तरी ती जिथे होती तिथल्या मांसात न दिसणाऱ्या पेशी असू शकतात. म्हणून उपचाराचं क्षेत्र सुरुवातीच्या गाठीच्या व्याप्तीवरच ठेवतात. त्यातला जो भाग आता हवेत गेलाय तो वगळायचा, जो स्नायू किंवा हाड गाठीने आधीही धरलेलं नव्हतं आणि आता फक्त त्या जागी सरकून आलंय तेही वगळायचं. पण पूर्वी आजार असलेलं मांस वगळायचं नाही. ही आखणी डॉक्टर करतात, आणि नव्या प्लॅनमधलं सगळ्यात नाजूक काम तेच आहे. नवा प्लॅन म्हणजे कमी उपचार नव्हे. तोच डोस, आजच्या शरीराला बेतलेला.

आधीच्या १८ सिटिंगचा हिशेबही त्यात धरतात. जुन्या प्लॅनचा दिलेला डोस आणि नव्या प्लॅनचा उरलेला डोस एकत्र करून प्रत्येक अवयवाची मर्यादा तपासली जाते. दोन सीटी एकमेकांवर ताणून बसवणारं सॉफ्टवेअर यासाठी वापरतात. मज्जारज्जूसाठी त्यावर चांगला भरवसा ठेवता येतो. जिथे मांस नाहीसंच झालंय तिथे मात्र कालचा बिंदू आज कुठे आहे हे नेमकं ठरवता येत नाही, त्यामुळे आकसलेल्या गाठीच्या जागचे एकत्रित आकडे मी थोड्या सावधपणे वाचते.

उपचार एक्स-रेऐवजी प्रोटॉन कणांचा असता तर मी एवढा वेळ घेतला नसता. प्रोटॉन ठराविक खोलीवर जाऊन थांबतात. वाटेतलं मांस सेंटिमीटरभर कमी झालं की ते जवळपास सेंटिमीटरभर पुढे जाऊन थांबतात, आणि पुढे काय आहे यावर सगळं अवलंबून. तिथे ठराविक दिवसांनी सीटी काढून तपासणं हा उपचाराचाच भाग असतो.

आता तुम्ही डॉक्टरांना काय विचारावं. नवा प्लॅन नेमका कशासाठी: गाठीला डोस कमी पडतोय, मज्जारज्जू जवळ येतोय, पॅरोटिड, की मास्क बसत नाही? यातलं कुठलंही उत्तर योग्य असू शकतं, पण ते एकच नेमकं उत्तर असलं पाहिजे. जुन्या प्लॅनचा हिशेब आजच्या शरीरावर करून पाहिला का, आणि किती फरक निघाला? नवा प्लॅन कितव्या सिटिंगपासून सुरू होईल, तोवर रोजचे उपचार चालू राहतील ना? आणि प्लॅनचं चित्र दाखवाल का? बहुतेक डॉक्टर आनंदाने दाखवतात, आणि ती काळी फट एकदा बघितली की अर्धी शंका जागेवरच मिटते.

वजनाबद्दल मात्र आज संध्याकाळीच बोला. ६ किलो म्हणजे जवळजवळ ९ टक्के. ही घसरण अशीच चालू राहिली तर नवा प्लॅनही तीन आठवड्यांत जुना होईल. गिळताना दुखत असेल तर वेदनाशामक वाढवून घ्या, आहारतज्ज्ञांना भेटा. नाकातून नळी घालायचा सल्ला मिळाला तर तो पराभव समजून टाळू नका. ती घालणार असतील तर नव्या सीटीच्या आधीच घालता येईल का तेही विचारा, म्हणजे प्लॅन नळीसकट होईल. मास्क करायच्या दिवशी वडिलांची दाढी पुढे रोज जशी राहणार आहे तशीच ठेवा. दाट दाढीवर मास्क केला आणि नंतर ती काढली की मास्क पुन्हा सैल होतो. कवळी त्या दिवशी काढलेली असेल तर ती रोजच काढायची. आणि नवा मास्क घातल्यावर खांद्यावर किंवा हनुवटीवर कुठे दुखतंय का ते त्यांनी तिथल्या तिथे सांगावं. सहन करत पडून राहिलेला माणूस दहा मिनिटांत नकळत हलतो.